शेताची राखण : एक धर्मकर्तव्य

शास्त्रपाठ :— उत्पत्ति २:१५, यशया २८:२३-२९, निर्गम २२:६.



पवित्र शास्त्रांत शेतकऱ्याच्या दुःखाचीं नांवें ठिकठिकाणीं आलीं आहेत. तांबेरा व भेरड हे शब्द मोशेच्या तोंडीं आहेत, आमोस व हाग्गय ह्या संदेष्ट्यांच्या तोंडीं आहेत, आणि शलमोन राजानें मंदिराच्या समर्पणाच्या दिवशीं जी प्रार्थना केली तिच्यांतहि ते आहेत (१ राजे ८:३७). एवढ्या मोठ्या समारंभांत, सोन्यानें मढविलेल्या मंदिरासमोर उभें असतां, राजाला आपल्या प्रजेच्या शेतांतील करपलेल्या कणसाची आठवण झाली, हें लक्षांत ठेवण्यासारखें आहे. म्हणून पिकांवरील रोग हा विषय उपासनेच्या ठिकाणीं काढूं नये, असें कोणीं समजूं नये. ज्या मंडळ्यांतील बहुतेक कुटुंबांची भाकर शेतांतून येते, त्या मंडळ्यांत हा विषय न काढणें हीच उणीव होय.

पान पिवळें पडलें, कणसांत दाण्याऐवजीं काळी भुकटी भरली, फळावर तेलकट डाग उमटले, कीं आपल्या गांवांतून दोन प्रकारचें बोलणें ऐकूं येतें. एकजण म्हणतो, "देवाचा कोप झाला, आतां हात जोडून बसावें." दुसरा म्हणतो, "दुकानांत जा, तो देईल तें औषध आण, आणि आजच्या आज मार." पहिला देवाचें नांव घेतो, पण देवानें दिलेली बुद्धि व हात वापरीत नाहीं. दुसरा हात वापरतो, पण बुद्धि दुकानदाराकडे गहाण टाकितो. ह्या दोन्ही वाटा सोडून शास्त्र आपणांस तिसरी वाट दाखवितें. तिचा विचार आपण चार भागांत करूं.

पहिली गोष्ट : पिकावरील रोग हा शेजाऱ्याच्या पापाचा दाखला नव्हे.

सन १८४५ मध्यें आयर्लंड देशांत बटाट्याचे मळे थोड्याच दिवसांत काळे पडून कुजले. गरीबांचें मुख्य अन्न तेंच. पुढील कांहीं वर्षांत सुमारें दहा लक्ष माणसें उपासमारीनें व तापानें मेलीं, आणि तितकींच किंवा त्याहून अधिक माणसें देश सोडून गेलीं. हा ईश्वरी दंड आहे असें त्या वेळीं पुष्कळांनीं म्हटलें. कांहीं विद्वान म्हणाले कीं, थंड व ओल्या हवेमुळें झाड आधीं कुजतें, आणि मग त्यावर बुरशी येते. त्याच वेळीं इंग्लंडांतील एका खेड्यांत माइल्स जोसेफ बर्कली नांवाचे पाळक होते. ते आपल्या मंडळीची सेवा करीत, आणि सूक्ष्मदर्शक यंत्राखालीं बुरशींचा अभ्यासहि करीत. त्यांनीं रोगट पान हातीं घेतलें, तें धीरानें पाहिलें, आणि १८४६ मध्यें लिहिलें कीं बुरशी ही रोगाचा परिणाम नसून रोगाचें कारण आहे. अनेकांस तें पटलें नाहीं. पण १८६० नंतरच्या दशकांत अंतोन द बारी ह्या जर्मन शास्त्रज्ञानें प्रयोग करून तेंच सिद्ध केलें.

बंधूंनो, त्या पाळकांनीं प्रार्थना सोडून यंत्र हातीं धरिलें असें नव्हे. ज्या देवानें बुरशीसारखी सूक्ष्म वस्तु नियमांनीं बांधिली, त्याचे नियम पाहणें हीहि त्याची सेवाच, हें त्यांस ठाऊक होतें. जन्मांध मनुष्याकडे बोट दाखवून शिष्यांनीं जेव्हां विचारिलें कीं पाप कोणाचें, ह्याचें कीं ह्याच्या आईबापांचें, तेव्हां प्रभूनें तो प्रश्नच बाजूस सारिला, आणि दिवस आहे तोंवर काम करण्याविषयीं तो बोलला (योहान ९). आमोस व हाग्गय ह्यांनीं तांबेरा व भेरड ह्यांची आठवण देऊन राष्ट्राला पश्चात्तापास बोलाविलें, हें खरें आहे, आणि आपत्तीच्या दिवशीं प्रत्येकानें स्वतःचें अंतःकरण तपासावें हें योग्यच आहे. परंतु शेजाऱ्याच्या बांधावर उभें राहून, "ह्याचें पाप फळास आलें," असें म्हणण्याची मोकळीक त्यांनीं कोणासहि दिली नाहीं.

दुसरी गोष्ट : मनुष्याला मशागतीबरोबर राखणहि नेमून दिली आहे.

उत्पत्तीच्या दुसऱ्या अध्यायांत मनुष्याला बागेंत ठेविल्यावर दोन कामें सांगितलीं आहेत : तिची मशागत करणें व तिची राखण करणें. मशागत करणारे आपल्यांत पुष्कळ आहेत. राखण करणारे थोडे. ज्वारी हुरड्यास आली म्हणजे आपण गोफण घेऊन माळ्यावर चढतों व पाखरें हाकलतों. पण बुरशीचें बीं गोफणीनें हाकलतां येत नाहीं. तें डोळ्यांस दिसत नाहीं, आणि जेव्हां त्याचें काम दिसूं लागतें तेव्हां बहुधा उशीर झालेला असतो. म्हणून ह्या शत्रूपासून राखण पेरणीच्या आधींच सुरू झाली पाहिजे.

रोग येण्यास तीन गोष्टी एकत्र याव्या लागतात : रोगाला बळी पडणारें पीक, रोगाचें बीज, आणि त्या बीजास मानवणारी हवा. हवा आपल्या हातीं नाहीं. पण पीक व बीज हीं पुष्कळ अंशीं आपल्या हातीं आहेत. तिवईचा एक पाय काढिला तर ती उभी राहत नाहीं, तसेंच हें आहे.

ज्वारीची दाणेकाणी पाहा. मळणीच्या वेळीं काणीच्या कणसांतील काळी भुकटी चांगल्या दाण्यांस चिकटते, आणि तेंच बीं पुढल्या वर्षीं आपण पेरितों. म्हणजे रोग आपण आपल्याच हातानें पेरितों. ह्यास उपाय फार स्वस्त आहे : एक किलो बियाण्यास ३०० मेश पोताचें गंधक ४ ग्रॅम चोळावें. बाजरीच्या अरगट रोगांत काळसर, कठीण दाणे धान्यांत मिसळतात. ते खाण्यांत आल्यास माणसांस व जनावरांस विषबाधा होते. दहा लिटर पाण्यांत दोन किलो मीठ विरघळवून त्यांत बीं टाकावें. हलकें, रोगट बीं वर तरंगतें. तें काढून जाळावें, आणि तळचें बीं स्वच्छ पाण्यानें दोनतीन वेळां धुवून सावलींत सुकवावें. गव्हाची काजळी दाण्याच्या पोटांत लपून असते. तिला बाहेरून चोळलेलें गंधक पोंचत नाहीं. पंजाबांतील ल्यूथ्रा ह्या वनस्पतिशास्त्रज्ञानें १९३४ च्या सुमारास दाखविलें कीं, उन्हाळ्याच्या कडक दिवशीं सकाळीं चार तास बीं पाण्यांत भिजवून मग भर उन्हांत पातळ पसरून वाळविलें, तर पोटांतली बुरशी मरते व दाणा जगतो. ह्यांत पैसा लागला नाहीं. सूर्य लागला, आणि लक्ष लागलें.

तुरीची मर ही जमिनींतून येते. शेतांत ओल असतां उभें झाड सुकतें. बुंधा चिरून पाहिला तर आंत काळसर रेघा दिसतात. बिहारांतील पुसा येथील संशोधन संस्थेंत ई. जे. बटलर ह्यांनीं १९१० मध्यें ह्या रोगाच्या बुरशीचें वर्णन केलें. ही बुरशी तुरीच्या धसकटांवर जमिनींत सुमारें तीन वर्षें जगूं शकते. म्हणून तुरीवर तूर घेणें म्हणजे शत्रूला दरसाल शिधा पाठविणें होय. तीन चार वर्षें त्या शेतांत दुसरें पीक घ्यावें; मेलेलीं झाडें मुळांसकट उपटून जाळावीं; बदनापूरच्या संशोधन केंद्रानें दिलेल्या बीएसएमआर ७३६ व बीडीएन ७११ अशा मर सोसणाऱ्या जाती पेराव्या. ज्वारींत तुरीच्या ओळी घालण्याची आपल्या वाडवडिलांची चाल होती; हैदराबादजवळ पाटणचेरू येथें १९७२ मध्यें स्थापन झालेल्या आंतरराष्ट्रीय पीक संशोधन संस्थेच्या प्रयोगांत, ज्वारीच्या सोबतीनें तुरीची मर पुष्कळ कमी होते असें आढळलें. जुनें तें सर्व अडाणीपणाचें, असें जे म्हणतात, त्यांनीं हें ऐकावें.

आणि मातीचें तर काय सांगावें! ट्रायकोडर्मा नांवाची एक बुरशी मातींतच राहते. ती इतर रोगकारक बुरशींस वेढून त्यांवर आपला निर्वाह करिते, हें १९३२ मध्यें वाइंडलिंग ह्या संशोधकानें दाखविलें. आज तिची भुकटी बाजारांत मिळते. एक किलो बियाण्यास ४ ते ५ ग्रॅम लावितात, किंवा कुजलेल्या शेणखतांत मिसळून जमिनींत देतात. म्हणजे रोगाचा वैरी निर्माणकर्त्यानें रोगाच्या शेजारींच ठेविला आहे. पण त्याला राहावयास घर हवें. जी माती शेणखत, पालापाचोळा व सेंद्रिय खत ह्यांवांचून उघडी पडली आहे, तिच्यांत असे मित्र टिकत नाहींत. इंदूर येथें १९२४ ते १९३१ पर्यंत आल्बर्ट हॉवर्ड ह्यांनीं शेतांतील काडीकचरा व शेण ह्यांपासून खत करण्याची जी रीत बसविली, ती आपल्याच शेतकऱ्यांकडून पुष्कळ शिकून बसविली. येथील शेतकऱ्यांस ते आपले गुरु म्हणवीत. चांगल्या खतानें प्रत्येक रोग टळतो असें मी म्हणत नाहीं; परंतु उपाशी मातींतील पीक आधीं आजारी पडतें, हें कोणत्याहि बाईस आपल्या लेकरांवरून समजेल.

तिसरी गोष्ट : भूमीलाहि विसावा आहे.

लेवीय पुस्तकाच्या पंचविसाव्या अध्यायांत देव सांगतो कीं सातव्या वर्षीं भूमीनें शब्बाथ पाळावा. आणि पुढल्याच अध्यायांत असा इशारा आहे कीं, लोकांनीं तो विसावा तिला दिला नाहीं, तर भूमि तो पुढें घेतल्यावांचून राहणार नाहीं. मोशेच्या नियमशास्त्राचा प्रत्येक विधि आज अक्षरशः आपणांस लागू नाहीं. तरीपण त्यांतील सत्य सोलापूर, नाशिक व सांगली ह्या जिल्ह्यांतील डाळिंबाच्या बागांनीं अलीकडच्या दशकांत मोठी किंमत देऊन शिकविलें आहे.

डाळिंब हें वचनदत्त देशाचें फळ. याजकाच्या झग्याच्या घेरावर त्याच्याच आकृति होत्या. आपल्या कोरडवाहू भागांत ह्या झाडानें अनेक घरें उभीं केलीं. मग तेल्या आला. हा एका सूक्ष्म जंतूचा रोग आहे. फळावर तेलकट डाग पडतात, फळ तडकतें, आणि वर्षाची कमाई बांधावर फेंकावी लागते. हा जंतु रोगट फांद्यांत व गळलेल्या पानांत टिकून राहतो. पावसाच्या उडणाऱ्या थेंबांनीं पसरतो. रोगट बागेंतील कलमांबरोबर आणि छाटणीच्या कात्रीबरोबर गांवोगांव हिंडतो. दमट, पावसाळी हवा त्याला फार मानवते. म्हणून मृगबहाराचें फळ सर्वांत अधिक सांपडतें, व हस्तबहाराचें त्या मानानें वांचतें. सोलापूर येथें २००५ मध्यें स्थापन झालेलें राष्ट्रीय डाळिंब संशोधन केंद्र व आपलीं कृषि विद्यापीठें ह्यांचा उपदेश थोडक्यांत असा : रोगमुक्त कलमें लावा; रोगट फांद्या छाटून जाळा; कात्री प्रत्येक झाडानंतर जंतुनाशक पाण्यांत बुडवा; खालीं पडलेलीं पानें व फळें वेंचून नष्ट करा; वर्षांत एकच बहार धरा; आणि फळें उतरविल्यावर झाडांस तीन चार महिने पूर्ण विसावा द्या.

हा शेवटचा नियम वाचून मन थबकतें. झाडाला विसावा! बाजारभाव चढला कीं एका बहारावर दुसरा बहार धरावा, झाड थकलें कीं त्याला खतांनीं चाबूक मारावा, अशी जी हांव, तिच्यापासूनच अनेक बागा दुबळ्या झाल्या. जो आपल्या बैलास जुंवाखालून सोडीत नाहीं, त्याला आपण निर्दय म्हणतों. झाड बोलत नाहीं म्हणून त्यावरील निर्दयता ही निर्दयता नव्हे काय? लोभ ही मूर्तिपूजाच आहे असें पौलानें कलस्सैकरांस कळविलें. आणि ह्या मूर्तीला नैवेद्य म्हणून कांहींजण आपली जमीनच वाहूं लागले आहेत.

चौथी गोष्ट : आपलें शेत बांधावर संपत नाहीं.

निर्गमाच्या बाविसाव्या अध्यायांत एक नियम आहे. कोणीं कांटेकुटे पेटविले आणि ती आग शेजाऱ्याच्या सुड्यांस किंवा उभ्या पिकास लागली, तर ज्यानें आग लाविली त्यानें नुकसान भरून द्यावें. त्यानें मुद्दाम पेटविलें नव्हतें. तरी तो मोकळा नाहीं. आतां विचार करा. रोगट बाग तशीच उभी ठेवून जो परगांवीं निघून जातो, त्याच्या बांधावरून जें सुटतें तें आगीहून वेगळें काय?

गव्हाचा तांबेरा किती दूर जातो पाहा. आग्र्याचे प्राध्यापक के. सी. मेहता ह्यांनीं वर्षानुवर्षें खपून दाखविलें कीं, मैदानांतील उन्हाळ्यांत तांबेरा तग धरीत नाहीं. तो डोंगरी मुलखांत जिवंत राहतो आणि वाऱ्याबरोबर पुन्हां खालीं उतरतो. दक्षिणेंत निलगिरीवरील गव्हाचा रोग शेंकडों कोस दूरच्या शेतांस लागतो. १९४६-४७ च्या हंगामांत मध्य हिंदुस्थानांत तांबेऱ्यानें गव्हाचा मोठा नाश केला. वाऱ्याला सातबारा ठाऊक नाहीं. म्हणून एका घरानें केलेली राखण अपुरी आहे. गांवानें मिळून केलेली राखण हीच खरी.

आणि जसा रोग बांध ओलांडतो, तसें विषहि ओलांडतें. २०१७ च्या पावसाळ्यांत यवतमाळ जिल्ह्यांत कपाशीवर कीटकनाशकें फवारतांना विषबाधा होऊन वीसहून अधिक शेतकरी व मजूर मरण पावले, आणि शेंकडों माणसें दवाखान्यांत पडलीं. तीं माणसें कोण होतीं? कोणी स्वतःच्या शेताचा धनी, तर कोणी रोजंदारीनें पाठीवर पंप घेतलेला. मजूर गरीब आहे, त्यावर जुलूम करूं नको, असें अनुवादांत लिहिलें आहे. ज्यानें मजुराला हातमोजे व तोंडावर फडकें न देतां, वाऱ्याच्या उलट दिशेस उभें करून विष फवारावयास लाविलें, त्यानें मजुरी पुरी मोजली तरी देवाच्या दरबारीं त्याचा हिशेब पुरा झाला नाहीं. डब्यावरील तांबडा त्रिकोण म्हणजे अत्यंत विषारी, हें अक्षर न वाचतां येणाऱ्यासहि सांगितलें पाहिजे. आणि रिकामा डबा पाणी भरण्यास कधींहि घरीं नेऊं नये.

मग औषध कधीं वापरूंच नये काय? ह्याचें उत्तर यशयाच्या अठ्ठाविसाव्या अध्यायांत आहे. तेथें संदेष्टा सांगतो कीं शेतकरी सदा नांगरीतच बसत नाहीं. प्रत्येक बीं आपापल्या जागीं पेरितो. आणि मळणीहि धान्य पाहून करितो. जिऱ्यावर गाड्याचें चाक फिरवीत नाहीं. तें काठीनें झोडतो. आणि हें तारतम्य त्याला त्याच्या देवानेंच शिकविलें आहे. होय, ज्यास काठी पुरे त्यावर चाक फिरवूं नये, हाच औषधाचाहि नियम. आधीं चांगलें बीं, फेरपालट, स्वच्छता, विसावा, मग मित्रबुरशी, आणि इतक्यावरहि रोग हटला नाहीं तर ओळखून, मोजून, वेळेवर औषध.

बोर्डो मिश्रणाची गोष्ट बोधप्रद आहे. फ्रान्स देशांत रस्त्याकडेच्या द्राक्षवेलींवर वाटसरूंनीं हात टाकूं नये म्हणून शेतकरी मोरचूद व चुना शिंपीत. प्राध्यापक मिलार्दे ह्यांनीं पाहिलें कीं, त्याच वेली केवडा रोगापासून वांचल्या. आणि १८८५ मध्यें त्यांनीं तें मिश्रण जगापुढें ठेविलें. एक किलो मोरचूद, एक किलो चुना, शंभर लिटर पाणी. लोखंडी भांडें नको. आणि केलें त्याच दिवशीं वापरावें. त्यांत लोखंडी खिळा बुडवून पाहावा. त्यावर तांबूस थर आला तर चुना कमी पडला असें समजावें. परंतु हें जुनें व उपयोगी औषधहि वारंवार ओतल्यास त्यांतील तांबें मातींत सांचतें. म्हणून तेथेंहि मर्यादा हवीच.

आतां मंडळीनें काय करावें?

प्रत्येक मंडळीनें पेरणीपूर्वीं एक दिवस नेमावा. त्या दिवशीं बियाण्यावर आशीर्वाद मागावा, आणि त्याच दिवशीं मिठाचें पाणी व गंधक घेऊन बीं शुद्ध करावें. प्रार्थना व हातांचें काम हीं त्या दिवशीं एकमेकांपासून तोडूं नयेत. हंगामांत एकदां चार समजूतदार बंधुभगिनींनीं सर्वांचीं शेतें फिरून पाहावीं, आणि रोग दिसल्यास कोणास न लाजवितां सांगावें. ज्यांस वाचतां येतें त्यांनीं औषधाच्या डब्यावरील मजकूर इतरांस वाचून दाखवावा.

आणखी एक गोष्ट कठीण आहे, पण ती सांगितल्यावांचून हा उपदेश पुरा होणार नाहीं. तीन एकरांचा गरीब मनुष्य विचारील, "मीं जमिनीस विसावा दिला तर लेंकरांस काय घालूं? गांवासाठीं माझी बाग उपटून जाळली तर माझें कर्ज कोण फेडील?" हा प्रश्न खोटा नाहीं, आणि त्याला केवळ उपदेशानें उत्तर देणें हें पाप होईल. जो इतरांच्या शेतांसाठीं आपलें रोगट पीक जाळतो, तो एकटा नुकसान सोसीत असतो आणि लाभ सर्वांस होतो. एकमेकांचीं ओझीं वाहा, असें पौल गलतीकरांस सांगतो. तें वचन अशाच दिवसासाठीं आहे. मंडळीच्या धान्यफंडांतून त्यास बीं द्यावें. ज्याच्या विहिरीस पाणी आहे त्यानें त्यास भाजीपाल्याचा तुकडा वाट्यानें द्यावा. त्याच्या पोरांचें शिक्षण त्या वर्षीं थांबूं देऊं नये. हें जर आपण करणार नसूं, तर त्यास बाग जाळावयास सांगण्याचा अधिकार आपणांस नाहीं.

दुसऱ्यांच्या जीवासाठीं एकानें हानि सोसली, ह्याच सुवार्तेवर आपली मंडळी उभी आहे. गव्हाचा दाणा जमिनींत पडून मेला तर पुष्कळ फळ देतो, असें प्रभूनें स्वतःविषयींच सांगितलें. ज्यांनीं त्याचें नांव घेतलें आहे, त्यांच्या बांधावर तें खरें झालेलें दिसावें.

आपण प्रार्थना करूं : हे स्वर्गीय पित्या, भूमि तुझी आहे, आम्ही तुझे कुळवाडी आहों. आमच्या डोळ्यांस पाहण्याचा धीर दे, हातांस आवर दे, आणि शेजाऱ्याचें शेत आपल्याइतकेंच जपण्याची बुद्धि दे. जो आज करपलेल्या पिकासमोर उभा आहे त्याला आधार दे, आणि तो आधार आमच्या हातून पोंचव. येशू ख्रिस्त आमचा प्रभु ह्याच्या नांवानें मागतों. आमेन.